रिवाइव्ह दे, बड्डे!

जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यावर भांडण कसं होतं, हे एकदा निवांत उभं राहून बघण्यासारखं आहे. सराफ्याकडून येणारी हातगाडी आणि कमानिया गेटकडून घुसलेली ई-रिक्षा एकमेकींना टेकतात. नुसत्या टेकतात. धडकायचं म्हटलं तर आधी वेग घ्यायला जागा लागते, ती फुहाऱ्यावर कधीच संपली. हातगाडीवाला गाडी सोडून पुढे येतो. रिक्षावाला उतरत नाही, एक पाय तेवढा बाहेर काढतो. मनात आणलं तर मी उतरू शकतो, एवढं सुचवायला तो पुरतो. मग दोघेही एकमेकांच्या दृष्टीची, अकलेची आणि घराण्याची चौकशी करतात. तोवर मागे साड्यांचे गठ्ठे घेतलेला हमाल, दोन स्कूटरी, लग्नाच्या बस्त्याला नरसिंहपूरहून आलेलं अख्खं कुटुंब आणि एक गाय अशी रांग लागलेली असते. त्या रांगेतून एक माणूस पुढे येतो. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नसतं. दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवून तो म्हणतो, "छोड़ो बड्डे, जान दो."

'बड्डे' म्हणजे जबलपूरचा भाऊ. सख्ख्या भावापासून पावती फाडणाऱ्या हवालदारापर्यंत सगळे बड्डेच. तो हात खांद्यावर पडला, की भांडण संपलं. रिक्षावाला पाय आत घेतो, गाय आधी निघते, मग बाकीचे. सगळा कार्यक्रम फार तर दोन मिनिटांचा.

याच चौकामागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर, माझा भाचा एका माणसावर तासभर चिडलेला असतो. त्या माणसाचं तोंड त्याने पाहिलेलं नाही. खरं नाव त्याला ठाऊक नाही. तो कानपूरला बसलाय की कोल्हापूरला, याचा पत्ता नाही. आणि तो माणूस शत्रू असता तर एक वेळ समजलं असतं. तो भाच्याच्याच बाजूचा आहे.

ज्या घरात हा खेळ शिरलेला नाही (असं घर असेल तर मला राहायला बोलवा), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे पोरांच्या तोंडी बीजीएमआय. शंभर माणसं विमानातून छत्री घेऊन एका बेटावर उतरतात. अंगावर कपडे, हातात काही नाही. रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्ट्या पडलेल्या असतात, त्या वेचायच्या. बेटाभोवतीचं वर्तुळ आवळत येतं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. जिंकलेल्याला 'चिकन डिनर' मिळतं. ताईच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिरत नाही. त्या घरातून रात्री साडेअकराला "चिकन डिनर! चिकन डिनर!" अशी आरोळी उठली, तेव्हा समोरच्या मोदी काकूंनी दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाचं आमंत्रण जरा विचार करूनच दिलं.

हा खेळ चौघांच्या टोळीने खेळता येतो, आणि सगळी भानगड तिथेच आहे. गोळी लागली की माणूस एकदम मरत नाही. 'नॉक' होतो, गुडघ्यांवर रांगायला लागतो. त्या वेळी टोळीतल्या कुणीतरी शेजारी बसून त्याला पुन्हा उभं करायचं असतं. याला म्हणतात रिवाइव्ह. भाचा रांगत असतो, डोक्यावरून गोळ्या जात असतात, आणि तिसरा गडी दहा पावलांवर एका घरात शिरून हेल्मेट घालून बघत असतो. आधीच्यापेक्षा बरं दिसतं का, हे. "रिवाइव्ह दे, बड्डे! अबे रिवाइव्ह दे!" ही किंकाळी तेव्हाची. खाली दुकानात साडीचा भाव ठरवणारी गिऱ्हाइकं क्षणभर वर बघतात. दुकानदार म्हणतो, "कुछ नहीं बहनजी, मराठी लोगों का लड़का है, मर रहा है." आणि पुढची साडी उलगडतो.

मेल्यानंतर दोष कुणाचा, याची चौकशी सुरू होते. पहिला नंबर नेटवर्कचा. इथे भाच्याची बाजू अगदीच लंगडी नाही. फोनकडून सर्व्हरकडे निरोप जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. चाळीस-पन्नास असला की उत्तम. दोनशेच्या वर गेला, की समोरच्याने आपल्याला मारून झालेलं असतं आणि आपण मात्र आपल्या पडद्यावर अजून जिवंत, दाराआड लपलेले असतो. लग्नसराईत संध्याकाळी फुहाऱ्यावर जेवढी माणसं, तेवढे फोन, आणि सगळे एकाच टॉवरला लोंबकळलेले. कुणीतरी बुऱ्हाणपुरी शालूचे फोटो सासरी पाठवत असतं. ते फोटो पोचतात. भाच्याची गोळी वाटेत अडकते. आपण मेलो आहोत ही बातमी मेलेल्यालाच सर्वांत शेवटी मिळते, आणि त्या उशिराचा संताप वेगळाच असतो.

नेटवर्कनंतर फोन. मग चार्जर. मग दारातून "जेवायला येतोस का?" विचारणारी आई, कारण तिच्यामुळे बोट हललं. खेळणाऱ्याची स्वतःची पाळी येईपर्यंत पुढची मॅच सुरू झालेली असते.

आणि पुढची मॅच सुरू होतेच, कारण दर्जा घसरलेला असतो. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या आहेत. लवकर मेलात की गुण उणे होतात. क्राउनमधून डायमंडमध्ये घसरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरची कळा मी पाहिली आहे. आमच्या भाऊजींची पदोन्नती उच्च न्यायालयाच्या कचेरीत एक वर्ष लांबली होती, तेव्हाही ते इतके खचले नव्हते. घसरलेले गुण आजच्या आज परत मिळवायचे, या हट्टाने जो खेळतो तो आणखी हरतो. पोरं याला 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या जुन्या यंत्रांवरून आला. चेंडू मनासारखा जाईना म्हणून खेळणारा यंत्रच हलवू लागला, की यंत्र बंद पडायचं आणि त्यावर 'टिल्ट' अशी पाटी उजळायची. ते यंत्र शहाणं होतं. खेळणारा तापला आहे हे ओळखून त्याच्या हातातून खेळ काढून घ्यायचं. आताचं यंत्र त्याच क्षणी "पुन्हा खेळा" असं बटण पिवळंधमक करून पुढे धरतं.

आता आपल्याच गड्यावर संतापण्याचं हे शास्त्र मोबाइलमधून आलं, असा ताईचा समज आहे. तिला मी सांगितलं, की ताई, या बाबतीत जबलपूरची परंपरा फार जुनी आहे. १८७५ साली इथल्या छावणीत, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून नवा खेळ रचत होता. (हा तो म्युनिकला जाऊन हिटलरची समजूत घालून आलेला पंतप्रधान नव्हे. पण समजूत घालणं याच्याही स्वभावात होतं, ते आता दिसेलच.) एका सोबत्याने अगदी सोपा चेंडू हुकवला. चेंबरलेनने त्याला भर मेसमध्ये 'स्नूकर' म्हटलं. लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना हे नाव ठेवत. आजच्या भाषेत सांगायचं तर नूब. सोबत्याचं तोंड पडलं. तेव्हा चेंबरलेनने लगेच पुस्ती जोडली, की अरे, या खेळात आपण सगळेच अजून स्नूकर आहोत, तेव्हा खेळालाच हे नाव देऊ. १९३८ मध्ये, म्हातारपणी, त्याने स्वतःच हे लिहून ठेवलं. जगभर आज टीव्हीवर गळ्याला बो बांधून, कुजबुजत्या समालोचनात जो सभ्य खेळ दाखवतात, त्याचं बारसं असं जबलपुरात, एका शिवीवर झालं. भाच्याच्या टोळीतही शिवी याच जातीची असते. पुस्ती मात्र कुणी जोडत नाही.

दुसरा दाखला फुहाऱ्यावरून दिसतो. कमानिया गेट ज्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभं आहे, ते अधिवेशन मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ भरलं. त्याआधी जानेवारीत अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. सुभाषबाबूंना १५८० मतं, पट्टाभी सीतारामय्यांना १३७७. गांधीजींनी हा पट्टाभींपेक्षा आपलाच पराभव मानला, आणि फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. शत्रू इंग्रज, तो समोर धडधाकट उभा. रागावले होते ते एकमेकांवर. अधिवेशनाला सुभाषबाबू तापाने फणफणत, स्ट्रेचरवरून आले. मिरवणुकीत बावन्नाव्या अधिवेशनाचे बावन्न हत्ती होते, पण रथात अध्यक्षांची तसबीर होती. एप्रिल संपता संपता त्यांनी अध्यक्षपद सोडलं. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं कारण. त्यांच्याशी आमच्या पोराची तुलना करावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण गडी नॉक झालेला आहे आणि बाकीचे तीन आपापल्या घरात बसून आहेत, हे दृश्य फुहाऱ्याच्या परिसराला नवीन नाही, एवढं मला नमूद करायचं आहे. गांधीजी त्या वेळी राजकोटला होते, तिथल्या संस्थानाच्या प्रश्नावर उपोषण करून नुकतेच उठले होते. ऐंशी वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर, म्हणजे बीजीएमआयच्या आधीच्या अवतारावर, बंदी घातली आणि खेळणारी पोरं धरली. यातून काहीही सिद्ध होत नाही. मला आपली गंमत वाटली.

बंदीचा विषय निघालाच आहे, तर ताईच्या आयुष्यातले सणही सांगून टाकतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी मोबाइल बंद केलं. चीनशी सीमेवर बिनसलं होतं. देशातल्या एवढ्या आयांनी परराष्ट्र धोरणाचं इतकं मनापासून स्वागत पूर्वी कधी केलं नसेल. ताईने श्रीखंड केलं. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला. रक्ताचा रंग हिरवा केला होता, आणि 'मारलं' असं न म्हणता 'फिनिश केलं' म्हणायचं ठरलं होतं. जुलै २०२२ मध्ये तोही अचानक दुकानातून गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. ताईने तेव्हापासून श्रीखंडाचा चक्का आगाऊ बांधायचं सोडलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येईल, अशी सोय खेळात केली होती. भाच्याच्या जुन्या खात्यावर जन्मसाल १९४१ आहे. ते त्याच्या आजोबांचं.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत बसवलं, तो मजकूर ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर मिळवून मोठ्याने वाचून दाखवला. निदानासाठी लक्षणं साधारण बारा महिने दिसावी लागतात, असं त्यात आहे. "अकराच झाले," भाचा म्हणाला. मान वर न करता.

मग उपाय सुरू झाले. भाऊजींचं मत, राग दाबू नये, बाहेर काढावा. त्यांनी एक जाड लोड आणून पोराच्या पुढ्यात ठेवला आणि त्याला गुद्दे मारायला सांगितलं. आमच्या पिढीत हे मत शास्त्रशुद्ध म्हणून चालतं. पण ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये याची चांगली शहानिशा केली होती. सहाशे विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. काहींना चिडवणाऱ्याची आठवण काढत पिशवीला गुद्दे घालायला लावले, काहींना व्यायाम म्हणून गुद्दे घालायला लावले, आणि काहींना नुसतं गप्प बसवलं. आठवण काढत ठोकणारे सर्वांत जास्त भडकले. गप्प बसलेले सर्वांत कमी. २०२४ मध्ये याच बुशमनने एका सहकारी संशोधिकेबरोबर दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं, ज्यात नाडी मंदावते ते सारं रागावर चालतं. पळायला गेलं, तर राग उलट वाढण्याचीच शक्यता.

हे मी भाऊजींना सांगितलं, कारण लोडानंतर ते पोराला पळायला पाठवणार होते. काळजीचं काही नाही, ते म्हणाले. संध्याकाळी बड्या फुहाऱ्यावरून पळून दाखवेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. ते खरंच आहे. तिथे शिरलेला माणूस आपोआप थांबतो, हात छातीशी घेतो, श्वास आवरतो आणि पुढचा हलेल तेव्हा हलतो. ताईने हे हेरलं होतं. क्राउनमधून घसरल्याचा आवाज आला, की ती पिशवी पुढे करायची, "जा, कमानिया गेटवरून खव्याची जिलबी घेऊन ये." जबलपूरची ही जिलबी काळपट, जाड आणि पाकाने जड असते, आणि तिच्यासाठी थांबावं लागतं. पोरगा परत यायचा तेव्हा चेहरा बराच निवळलेला असायचा. राग पाकात विरघळला की गर्दीत चेंगरला, हे सांगता येत नाही. पण जिलबीच्या निमित्ताने आठवड्यात चार वेळा घसरायला लागला, तेव्हा ताईने हा उपचार थांबवला.

या सगळ्यात आजोबा आतापर्यंत गप्प होते. भाऊजींचे वडील. सारी नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात. ज्यांनी हयात दारूगोळ्यात घालवली, त्यांचा नातू "गोळ्या नाहीत! पाच-छप्पनच्या गोळ्या दे कुणीतरी!" म्हणून ओरडतो, याचं त्यांना आधी वाईट वाटायचं. एके दिवशी ते खुर्ची ओढून त्याच्या मागे बसले आणि पूर्ण मॅच बघितली. मी समोर होतो. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. पोरगा हरला म्हणून असेल असं मला वाटलं.

"हे कुणाचं घर?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही आजोबा. लूट आहे."

"आणि जिवंत काडतुसं अशी जमिनीवर? पावती नाही, रजिस्टर नाही, दारावर माणूस नाही? कुणीही यावं आणि उचलावं?"

"आजोबा, गेम आहे. मी खेळून राहिलो."

"आमच्याकडे एक रिकामी पेटी कमी भरली, तर अख्खी पाळी फाटकावर उभी राहायची."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा लांब वही घेऊन बसू लागले. रकाने आखलेले: आवक, खर्च, शिल्लक, फलनिष्पत्ती, शेरा. मॅच सुरू झाली की ते मागून विचारत, "किती?" आणि पोराला सांगावं लागे. किती उचलल्या, किती झाडल्या, किती उरल्या. पहिल्या दिवशी तो वैतागला. दुसऱ्या दिवशी, विसरलं की शेरा मिळतो म्हणून, आधीच मोजून ठेवायला लागला. माणूस आकडे सांगत असताना किंचाळू शकत नाही, हे मला तिथे कळलं. "एकशे साठ आवक, तीस खर्च, आजोबा, मी नॉक झालो, शिल्लक एकशे तीस." खाली दुकानात कुणी वर बघेनासं झालं.

वहीतून निघालेले निष्कर्ष आजोबांनी मला दाखवले. नॉक झालेला माणूस पुन्हा उभा राहिला, की पुढच्या मिनिटात त्याच्या हातून होणारा खर्च सर्वांत मोठा, आणि तो बहुतेक सगळा भिंतीवर. लाल शाईने त्यांनी तिथे अधोरेखन केलं होतं. एका मॅचपुढे लेखी विचारणाच होती: "पाच-छप्पन, एकशे वीस नग खर्च. फलनिष्पत्ती शून्य. खुलासा सादर करावा."

भाच्याने खुलासा दिला. वहीच्याच कागदावर, सही आणि तारखेसह. "गडी क्र. ३ यांनी वारंवार मागणी करूनही रिवाइव्ह दिला नाही. ते हेल्मेट बदलत होते. सबब मनस्थिती ठीक नव्हती."

आजोबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि खाली लिहिलं, "खुलासा एकतर्फी. गडी क्र. ३ यांना समक्ष उपस्थित करावे."

भाच्याने त्या पानाचा फोटो काढला आणि क्र. ३ ला पाठवून दिला. तो अकोल्याचा निघाला. आजोबांना नमस्कार कळवून त्याने विचारलं आहे, की रेल्वेचा प्रवासभत्ता कोणत्या दर्जाचा मिळेल. आजोबांना कारखान्याचे जुने नियम तोंडपाठ आहेत, पण क्राउन दर्जाला स्लीपर की तृतीय वातानुकूलित, यावर त्यांचं आणि भाच्याचं अजून एकमत झालेलं नाही.